तालुक्याची लेक मालदीवला गेली, त्या बातमीचा राहिलेला भाग

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण अर्धवट वाचून कमेंट करू नका एवढीच विनंती.

जानेवारी 2019 मध्ये मी एक बातमी केली होती. तीन कॉलम, फोटोसह. शीर्षक होतं, ‘तालुक्याची लेक शिकवणार सातासमुद्रापार’. आपल्यातल्या अनेकांनी ती तेव्हा शेअर केली होती. एसटी स्टँडसमोर अभिनंदनाचा फ्लेक्सही लागला होता. ती लेक म्हणजे माझी धाकटी बहीण. एमए बीएड, विषय इंग्रजी. मालदीवच्या एका बेटावरच्या सरकारी शाळेत तिला नोकरी लागली होती.

बातमीत खोटं काही नव्हतं. ‘सातासमुद्रापार’ तेवढं जास्तीचं होतं. मुंबईहून मालेला विमानाने पावणेतीन तास लागतात. आपल्या स्टँडवरून मुंबईला एसटीने नऊ लागतात. पण ती का गेली, हे त्या बातमीत नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि त्यात माझाही हात होता. आज तो राहिलेला भाग लिहितोय.

बहिणीने 2007 ला बीएड केलं. आपल्याकडे 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालेलं, त्यामुळे घरात सगळ्यांचं मत एकच, इंग्रजीवाल्या पोरीला नोकरीची काय काळजी! तालुक्यातल्याच एका विनाअनुदानित शाळेत ती लागली. महिना चार हजार, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम. आठवी ते दहावीचे सगळे तास तिच्याकडे. एका वर्गात सत्तर पोरं. अनुदान येईल, मग मागचं सगळं भरून निघेल, या आशेवर अकरा वर्षं गेली. मधे 2 मे 2012 ला शिक्षक भरती बंद करणारा शासन निर्णय आला. 2013 ला टीईटी आली, ती तिने पहिल्याच झटक्यात काढली. 2017 च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, तीही दिली. मग पवित्र पोर्टल उघडायची वाट बघणं सुरू झालं.

त्याच सुमारास एका मोठ्या अनुदानित संस्थेत इंग्रजीची जागा ‘बसवता येईल’ असा निरोप आला. भरती बंद असताना जागा कशी बसते, मान्यतेचा कागद मागच्या तारखेचा कसा निघतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. 2025 ला शालार्थ आयडीचा घोटाळा उघडकीला आला तेव्हा लोकांना धक्का बसला म्हणे. मला नाही बसला. असो. आकडा होता अठरा लाख.

वडील म्हणाले, पाटाकाठचं एक एकर काढू. मी म्हणालो, थांबा, मी बोलून बघतो. अध्यक्षांची आणि माझी चांगली ओळख होती. आमच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीत त्यांची पानभर जाहिरात दर वर्षी असायची. गेलो. चहा झाला. अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही पत्रकार माणूस, घरचेच. तुमच्यासाठी सोळा.” मी आनंदात घरी आलो. गाडी स्टँडला लावायच्या आधीच ओरडून सांगितलं, दोन लाख कमी केले!

बहीण भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “दादा, तू बातमी आणायला गेला होतास का सवलत?”

मला तेव्हा राग आला होता. तुझ्यासाठीच गेलो ना, म्हणून भांडलोही. तिने नोकरी नाकारली. वडिलांना सांगितलं, जमीन विकायची नाही. बीएडची एक मैत्रीण आधीच मालदीवला शिकवत होती, तिच्याकडून माहिती घेतली, अर्ज केला, इंटरनेटवरून मुलाखत दिली. खर्च आला तो प्रमाणपत्रं साक्षांकित करण्याचा, पोलीस दाखल्याचा आणि तिकिटाचा. बाकी कुणी एक रुपया मागितला नाही. पोरगा तेव्हा पहिलीत होता. त्याला मागाहून न्यायचं ठरलं होतं. पुढे कोरोना आला, ते राहिलं, आणि नंतर तो आजीला सोडेना.

स्टँडसमोरचा तो फ्लेक्स कुणी लावला होता, आठवतंय? त्याच संस्थेने. अध्यक्षांचा फोटो बहिणीच्या फोटोच्या दुप्पट होता. आणि खाली शुभेच्छुकांत माझं नाव होतं.

तर, ती दर वर्षी सुट्टीत येऊन जाते, पण दिवाळीत कधी जमलं नाही. दिवाळीची सुट्टी तिकडे नसते. सहा वर्षं भाऊबीज व्हिडिओ कॉलवर झाली. यंदा आई म्हणाली, “ती येत नाही तर तू जा. भाऊबीजेला भावानंच जायचं असतं.” मग गेलो.

मालदीव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाण्यावरच्या झोपड्या आणि सिनेमातल्या लोकांचे फोटो येतात. ती रिसॉर्टची बेटं वेगळी. देशात अकराशे ब्याण्णव बेटं आहेत आणि लोक राहतात ती दोनशेच्या आत. सगळी मिळून जमीन तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या तालुक्याच्या निम्मीही नाही, आणि माणसं पाच लाखांच्या आसपास. विमानतळ स्वतंत्र बेटावर आहे. तिथून पुलावरून राजधानी मालेत जायचं. हा पूल चीनच्या मदतीने बांधलेला, 2018 ला सुरू झाला. मालेतलं मोठं हॉस्पिटल भारताने बांधून दिलेलं, त्याला नाव इंदिरा गांधींचं. एवढ्याशा गावात दोन मोठ्या शेजाऱ्यांची चढाओढ चालता चालता दिसते.

बहिणीचं बेट दक्षिणेकडे, हुवाधू नावाच्या अटोलात. मालेहून पुन्हा लहान विमान, मग स्पीडबोट. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे.

बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं. रस्ते डांबरी नाहीत, पांढऱ्या वाळूचे, आणि पहाटे बायका ते झाडून काढतात. घरांसमोर लोखंडी चौकटीत दोरीचं जाळं विणलेली बसायची सोय असते, तिला जोअली म्हणतात. संध्याकाळी अख्खं बेट त्या जोअल्यांवर बसलेलं असतं. आपल्या पारासारखंच, फक्त बायकाही बसतात. बेट इतकं बसकं की मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागाही अडीच मीटरच्या आत आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तिकडचं एक बेट लोकांना कायमचं सोडावं लागलं. हे सगळं बहिणीने मला रात्री अकराला सांगितलं, लाटांचा आवाज येत असताना. लहानपणी भुताच्या गोष्टी मी तिला सांगायचो, त्याचं उट्टं काढलं असावं.

तिची खोली दहा बाय बारा. शेजारच्या खोलीत श्रीलंकेची गणिताची बाई. स्वयंपाकघर दोघींत एक. आमचं घर माळकरी. आणि बहीण जाऊन पडली कुठे, तर सकाळ-संध्याकाळ मासे खाणाऱ्या देशात! सकाळी मासा, खोबरं आणि कांदा कालवून रोशीबरोबर खातात, त्याला मस हुनी म्हणतात. दुपारी माशाचं पाणीदार सार, गरुदिया. भाजीपाला मालेहून बोटीने येतो. बोट चुकली की आठवडाभर मटकी आणि पिठलं. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आई कुरिअरपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवून पाठवते. माझ्या बॅगेत माझे कपडे किती होते ते विचारू नका.

पूजेसाठी मूर्ती नेता येत नाही, कस्टममध्ये मनाई आहे. गळ्यातली माळ आहे, हरिपाठ कानात इअरफोन घालून. मी विचारलं, त्रास होतो का गं याचा? म्हणाली, “पहिल्या वर्षी व्हायचा. आता वाटतं, विठ्ठलाला काही अडचण नसावी. मला आषाढीला गर्दी नसते याचीच जास्त चुकचुक लागते.”

शाळेचा आठवडा रविवार ते गुरुवार. शुक्रवारी सुट्टी. सकाळी लवकर शाळा भरते. हेडमास्तरांची परवानगी घेऊन एक दिवस मी तिच्या नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. वर्गात एकोणीस पोरं-पोरी. दिवेही भाषा आणि इस्लाम हे विषय सोडले तर सगळं इंग्रजीतून, आणि शालान्त परीक्षा इंग्लंडच्या बोर्डाची. म्हणजे इंग्रजी कच्चं राहिलं तर पोराचं गणितही बुडतं, विज्ञानही बुडतं. आपल्याकडे इंग्रजीच्या बाईवर एका विषयाचा भार असतो, इथे सगळ्यांचा असतो.

तिने फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘अटोल’. विचारलं, हा शब्द कुठल्या भाषेतला? पोरं म्हणाली, इंग्लिश, मिस. ती म्हणाली, नाही, तुमचा. इंग्रजांकडे समुद्रातल्या कड्यासारख्या प्रवाळ बेटांना शब्दच नव्हता, तो त्यांनी तुमच्या ‘अतोळु’वरून घेतला. जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात तुमच्या आजीचा शब्द आहे. एक पोरगी चटकन म्हणाली, मग स्पेलिंग त्यांनी आपल्याला का शिकवावं? वर्ग हसला. बहीणही हसली. म्हणाली, हाच प्रश्न उद्या दहा ओळींत लिहून आण.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढे. पोरं इंग्रजी वाक्यात क्रियापद शेवटी टाकतात. आपली पोरंही टाकतात. कारण दिवेही ही मराठीसारखीच, क्रियापद शेवटी येणारी भाषा. सिंहलीची बहीण आणि आपल्या मराठीची लांबची चुलत बहीण. आकडे ऐका: एकेह, देह, तिनेह, हतरेह. पाचाला फहेह, साताला हतेह, आठाला अशेह. जुना ‘प’ त्यांच्याकडे ‘फ’ झाला, म्हणून पाण्याला फेन म्हणतात. माशाला मस. दिवसाला दुवस. पुस्तकाला फोइ, आपल्या पोथीच्या गोत्रातला शब्द. त्या माळकरी बाईला हा शब्द कळला तेव्हा तिने फोन करून आईला सांगितलं होतं, हे मला आठवतं. तेव्हा मी बातमीच्या गडबडीत होतो, हं हं केलं होतं.

इंग्रजीत ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं, हे आपल्या पोरांना दहावी झाली तरी कळत नाही, कारण मराठीत तसलं काही नाही. दिवेहीत मात्र आहे, पण शब्दाच्या शेवटी जोडतात. फोइ म्हणजे ते पुस्तक, फोतेह म्हणजे कुठलंतरी एक पुस्तक. बहीण फळ्यावर हेच मांडते: तुमची शेपटी शब्दाच्या मागे, इंग्रजीची शेपटी पुढे. दोन मिनिटांत पोरांच्या डोक्यात बसतं. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. ती म्हणाली, “ज्याची जन्मभाषा इंग्रजी आहे त्याला पोराची चूक दिसते. ती कुठून आली हे मला दिसतं, कारण मीही तीच चूक करून इंग्रजी शिकलेय.”

अकरा वर्षं सत्तर पोरांच्या वर्गात हे डोकं आपल्याकडे होतं. चार हजारात होतं.

तिकडे सगळं गोड आहे असं समजू नका. करार दर वर्षी नवा करावा लागतो आणि तो होईपर्यंत जीव टांगणीला. स्थानिक शिक्षक तयार होतायत, ते योग्यच आहे, पण त्याबरोबर परदेशी शिक्षकांची गरज कमी होत जाणार हेही तिला दिसतं. पगार किती, हे तिने लिहू नको म्हटलंय. आपल्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या पगारापेक्षा फार वेगळा नाही, एवढं सांगतो. तोही हातात पडतो रुफियात. त्या देशात डॉलरचा तुटवडा आहे, त्यामुळे परदेशी माणसाला बँकेतून घरी किती पाठवता येईल यावर महिन्याची मर्यादा आहे, आणि ती उतरत गेलीये. कमावलेला पैसा खात्यात दिसतो, पण पोराची फी भरायला वेळेवर पोचत नाही. पोरगा आता आठवीत आहे. त्याचा आवाज फुटला तो तिने फोनवर ऐकला. हे तिने मला भांडी घासताना पाठमोरी उभं राहून सांगितलं. मीही मग पुसायचा कपडा घेतला आणि भांडी पुसत बसलो.

2020 च्या मे महिन्यात नौदलाचं आयएनएस जलाश्व मालेहून 698 भारतीयांना घेऊन कोचीला आलं होतं. टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलं. आईने तेव्हा रडून सांगितलं, ये. ती आली नाही. गेलं तर परत येता येईल का आणि जागा राहील का, याची खात्री कुणी देईना. त्या काळात घरमालकीण दाराशी नारळ आणि भात ठेवून जायची. मासा नाही, कारण ही खात नाही हे तिला माहीत होतं.

आता माझी दुसरी लाज. जानेवारी 2024 मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाटेल ते लिहिलं. त्यांच्या सरकारने त्यांना निलंबित केलं, पण इकडे बहिष्काराची लाट आली. मीही इथेच, याच पेजवर ‘मालदीवला धडा शिकवा’ म्हणून पोस्ट टाकली होती. भरपूर लाइक पडले. रात्री बहिणीचा फोन आला. “दादा, धडा शिकवायचं काम माझं आहे. रोज पाच तास शिकवते. तू कशाला त्रास घेतोस?” मी पोस्ट काढली नाही, नुसती खाली जाऊ दिली. तिकडे त्या दिवसांत काय झालं ते मी आता विचारलं. म्हणाली, दोन दिवस कुणी काही बोललं नाही, तेच जड गेलं. तिसऱ्या दिवशी एका पोराची आई गेटवर थांबली आणि म्हणाली, मिस, तुम्ही सोडून तर जाणार नाही ना? परीक्षा जवळ आलीये.

परतीच्या आधी आम्ही शुक्रवारी अड्डूला जाऊन आलो. मधे विषुववृत्त ओलांडावं लागतं. बोटवाल्याने वेग कमी करून दाखवलं, पण पाणी इकडेही तसंच, तिकडेही तसंच. बहीण सुट्टीत अशी हिंडते. सोबतच्या बाईच्या घरी कँडीला राहून आली, मालेतली 1658 सालची प्रवाळ दगडाची कोरीव मशीद बाहेरून वहीत चितारून आली. आपल्या इथे ती शाळा आणि घर सोडून कुठे गेली होती, हे मला आठवेना. अड्डूच्या गान बेटावर 1976 पर्यंत ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. चहाच्या हॉटेलात एक म्हातारे भेटले, पोरसवदा वयात त्या तळावर भांडी धुवायचे. साहेबी इंग्रजी झकास बोलत होते. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाले, गरजेने. मग बहिणीकडे बघून म्हणाले, माझ्या नातीला मात्र बाई मिळाली, नशीब तिचं.

भाऊबीज खोलीतच झाली. दार लावून. निरांजन नव्हतं, स्टीलच्या ताटलीत मेणबत्ती. श्रीलंकेच्या बाईने फोटो काढला. मी ओवाळणीचं पाकीट ताटात ठेवलं. बहिणीने ते उचलून परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, “पैसे राहू दे. ती सोळा लाखांची गोष्ट लिही एकदा. माझी नको लिहू, तुझी लिही. माझ्यासारख्या पोरी अजून तिथेच चार हजारात आहेत. त्यांचे भाऊ अजून सवलत आणायला जात असतील.”

म्हणून लिहिलं.

अध्यक्षांचं आणि संस्थेचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण तो व्यवहार झाला नाही आणि झाला असता तरी त्याची पावती मिळत नसते. माझ्याकडे पुरावा फक्त माझ्याविरुद्धचा आहे, तो दिला. त्यांची जाहिरात 2018 नंतरही आमच्या पुरवणीत येत राहिली, ती मीच आणत होतो, हेही लिहून ठेवतो. यंदा आणणार नाही. त्याने त्यांचं काही अडणार नाही, मला माहीत आहे.

पगाराचं म्हणाल तर शिक्षण सेवकांचं मानधन 2023 ला वाढलं, प्राथमिकला सहाचे सोळा हजार झाले, माध्यमिकला आठाचे अठरा. चांगलं झालं. पण ते मंजूर जागेवरच्यांना. विनाअनुदानितवर आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना काय मिळतं, ते तुमच्या शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या बाईंना विचारा. आपण पोरांना इंग्रजी शाळेत घालतो, बसची फी, बुटांची फी, गॅदरिंगची फी भरतो, आणि शिकवणारीला किती मिळतात हे पालकसभेत एकदाही विचारत नाही. मीही विचारलेलं नाही. भाच्याच्या शाळेत या वर्षी इंग्रजीला तीन महिन्यांत तिसरी बाई आली. पुढच्या सभेला मी जाणार आहे आणि मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि शिकवणाऱ्यांना दर महिन्याला पगार मिळतो का, हे तीन प्रश्न लेखी देणार आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यापैकी जे आहेत त्यांनी आपापल्या शाळेत द्यावेत.

ही पोस्ट वाचून इनबॉक्समध्ये ‘आम्हालाही मालदीवला लावा’ असे मेसेज येणार, म्हणून आधीच सांगतो. मी कुणाला लावू शकत नाही, बहीणही नाही. एजंट भेटला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर त्याची नोंदणी आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. लाखांचा आकडा सांगणाऱ्याला इथला अध्यक्ष समजा आणि उठून या.

वडील आता नाहीत. पाटाकाठचं एक एकर आहे. यंदा त्यात हरभरा पेरलाय. काल बहिणीला त्याचा फोटो पाठवला. तिने तो वर्गात दाखवला म्हणे. त्या पोरांनी इतकी सलग जमीन कधी बघितलेली नाही. एकाने विचारलं, मिस, हे सोडून तुम्ही इथे का आलात?

ती म्हणाली, हा प्रश्न मी तुझ्याकडे पाठवतेय, दादा. उत्तर तालुक्याकडून घे.

तर, विचारतोय.